जुन्या बारा बोर बंदुकीवरचं घट्ट झालेलं ग्रीस कसं काढावं

परवानाधारक वारला की त्याची बंदूक घरात ठेवता येत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ती पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते. वारसाच्या नावाने लायसन होईपर्यंत ती तिथेच पडून राहते. अर्ज, चौकशी, जबाब यात उन्हाळे-पावसाळे निघून जातात. शेवटी बंदूक हातात येते तेव्हा आजोबांच्या खांद्यावर पाहिलेली ती हीच का, असा प्रश्न पडतो. नळीवर बोटभर तपकिरी थर, चापाभोवती काळा मेणचट गाळ, आणि दस्त्याचं लाकूड मानेपाशी तेल पिऊन काळंठिक्कर पडलेलं.

अशा वेळी गावात दोन सल्ले हमखास मिळतात. एक, पेट्रोलने धू. दुसरा, पॉलिश पेपरने घास. दोन्ही वाईट आहेत, आणि का ते पुढे येईलच. विदर्भातल्या माणसाला याहून चांगला उपाय फुकट मिळतो, तो म्हणजे मे महिन्याचं ऊन. हे काम मेमध्येच काढा. ऊन तेव्हाच कामाचं असतं, आणि मृग लागायच्या आत नवं तेल बसलेलं बरं.

मी इथे दुनळी बारा बोर धरून लिहितो आहे, कारण आपल्याकडे घरोघरच्या जुन्या बंदुका बहुतेक त्याच. एकनळीलाही हेच लागू. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर असेल तर ग्रीसचं शास्त्र तेच राहतं, खोलण्याची पद्धत मात्र वेगळी असते.

सगळ्यात आधी, बंदूक रिकामी आहे का

ग्रीसच्या थराखाली काडतूस लपू शकतं. जमा करताना कुणीतरी पाहिलं असेलच, यावर भरवसा ठेवू नका. नळीचं तोंड मोकळ्या दिशेला ठेवून बंदूक मोडा, म्हणजे बिजागरीवर उघडा, आणि काडतूस बसतं त्या दोन्ही खोबणींत करंगळी घालून चाचपा. ग्रीस असेल तर बोट माखेल, माखू द्या. मग मागून काठी घालून ती पुढच्या तोंडातून बाहेर येते का ते पाहा. दोन्ही नळ्यांतून काठी आरपार गेल्याशिवाय पुढचं काहीच करायचं नाही. घरात काडतुसं असतील तर ती दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा.

ठासणीच्या बंदुकीचं, म्हणजे भरमारचं, प्रकरण जास्त नाजूक आहे. पीकरक्षणासाठी दिलेल्या अशा कित्येक बंदुका भरलेल्याच भिंतीला टांगून राहिल्या. काळी दारू कोरडी राहिली तर पन्नास वर्षांनीही पेटते. गज नळीत शेवटपर्यंत सोडा आणि तोंडाशी त्यावर खूण करा. मग तोच गज बाहेरून नळीला लावून पाहा. खूण नळीच्या तोंडाशी धरली की गजाचं टोक कानापर्यंत, म्हणजे बत्तीच्या छिद्रापर्यंत, पोचलं पाहिजे. चार बोटं अलीकडे थांबत असेल तर आत भार आहे असं समजा. तिला ऊन दाखवू नका, गरम पाणी लावू नका, आतलं कोरून काढू नका. शस्त्रविक्रेत्याला आधी कळवून तिथेच न्या.

बंदूक ताब्यात घेताना आणखी एक गोष्ट. नंबर ग्रीसखाली असतो. फडक्याने तेवढी जागा पुसा आणि लायसनवरच्या नंबराशी अंक न् अंक ताडून पाहा. घरी आल्यावर फरक दिसला तर निस्तरणं फार जड जातं. आणि साफसफाई लायसन ज्याच्या नावावर आहे त्यानेच करावी. पोराच्या हाती देऊन आपण चहाला जाणं यात बसत नाही.

ग्रीस कोणतं आहे ते ओळखा

ही पायरी लोक गाळतात आणि मग दिवसभर घासत बसतात. साठवणीचं ग्रीस साधारण दोन जातींचं सापडतं.

पहिलं मेणासारखं. पेट्रोलियम जेली याच कुळातली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने शस्त्रं ज्यात बुडवून ठेवली ते कॉस्मोलिनही यातलंच, आणि ब्रिटिश सैन्यात ‘मिनरल जेली’ वापरायचे. ताजं असताना हे पिवळसर आणि मऊ असतं. त्यातला हलका भाग वर्षानुवर्षं उडून जातो आणि मागे तपकिरी, नखाने खरवडलं तर साल निघेल असा थर उरतो. कॉस्मोलिन साधारण ४५ ते ५२ अंशांना वितळतं, आणि साधी जेली त्याच्याही आधी. चंद्रपूर, नागपूर, अकोल्याची मेची दुपार आठवा, म्हणजे ऊन का म्हणतो ते कळेल.

दुसरं ट्रॅक्टरचं ग्रीस. जमा करण्याआधी घरच्याच माणसाने ग्रीसगनमधलं हाताने चोपडलेलं असतं. हे तेल आणि साबण यांचं मिश्रण. लिथियम साबणाचं ग्रीस १८० अंशांच्या आसपासही घट्ट राहतं, म्हणून उन्हात ते वितळत नाही. त्यातलं तेल तेवढं झिरपून जातं आणि साबणाची चिवट पपडी उरते. ऊन तिला मऊ करेल, पण उतरवण्याचं काम रॉकेल किंवा टर्पेंटाइनच करणार.

परीक्षा सोपी आहे. वाटाण्याएवढी गोळी खरवडून चमच्यात घ्या आणि चमचा दुपारी टिनावर ठेवा. पाणी झालं तर मेणाचं. गोळी तशीच राहून भोवती तेलाचं वर्तुळ पडलं तर ट्रॅक्टरचं. पुढे किती रॉकेल लागेल याचा अंदाज तिथेच येतो.

काय काय लागेल

जुन्या सुती लुगड्याची किंवा धोतराची फडकी, भरपूर. टेरिकॉट नको, ते ग्रीस शोषत नाही, नुसतं पसरवतं. दोन जुने दात घासायचे ब्रश. बांबूच्या बारीक तासलेल्या काड्या, खाचांतून गाळ काढायला. पेचकसाने खरवडलं तर ओरखडा कायमचा पडतो. बारा बोरचा पितळी ब्रश आणि लाकडी गज शस्त्रविक्रेत्याकडे मिळतात. कडुनिंबाची दातवणाची काडी टोकाशी दगडाने ठेचली की तिचा झकास कुंचला होतो. एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे काडतूस मागे ढकलणाऱ्या भागाच्या, फटीत तो दात घासायच्या ब्रशपेक्षा खोल जातो आणि धातूला इजा करत नाही.

द्रावण म्हणून रॉकेल. रेशनवर ते आता मिळेनासं झालं आहे. नसेल तर रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन चालतं. डिझेलही चालतं, पण ते मागे चिकट थर सोडतं आणि वास चार दिवस जात नाही. पेट्रोलला हात लावू नका. त्याची वाफ शून्याखालीही पेट घेण्याजोगी असते, ती जमिनीलगत सरपटत जाते आणि दहा हातांवरची चूलही तिला पुरते. रॉकेलही उन्हाळ्यात गरीब राहत नाही. त्याच्या वाफेचा पेट घेण्याचा बिंदू मानकाप्रमाणे किमान ३५ अंश आहे, म्हणजे मेच्या दुपारी ते तो ओलांडून बसलेलं असतं. म्हणून ऊन दुपारी आणि रॉकेल भल्या पहाटे, ही दोन कामं कधी एकत्र करायची नाहीत.

दुपारचं काम: नळी उन्हात

दुनळी तीन भागांत सुटते: नळ्या, खालचं पुढचं लाकूड, आणि दस्त्यासह मागची यंत्रणा. एवढंच सुटं करा. दस्त्याचा आतला बोल्ट, यंत्रणेच्या बाजूच्या पट्ट्या, बारीक स्क्रू यांना हात लावायचा नाही. त्या स्क्रूंच्या खाचा फार अरुंद असतात. बाजारातला पेचकस खाच फोडतो, आणि आतल्या ताणलेल्या स्प्रिंगा एकदा सुटल्या की परत बसवायला परवानाधारक कारागीरच लागतो.

ऊन फक्त नळ्यांना. लाकूड सावलीत, कारण जुनं अक्रोडाचं लाकूड मेच्या झळीत तडकतं.

बाहेरून काळा रंग दिलेली टिनाची पेटी किंवा अर्धं कापलेलं पिंप घ्या. तळाशी वर्तमानपत्रं अंथरा आणि दोन विटांवर नळ्या तिरप्या ठेवा, तोंड खाली. पेटी दुपारी बारा ते तीन उन्हात. झाकण लावलं की आतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापते. तासाभरात पहिले थेंब पडतात. आधी पिवळे, मग काळपट, त्यात कधी गंजाचे कणही. खाचांत दडलेलं ग्रीस आपणहून सरकत बाहेर येतं, हे पाहण्यासारखं असतं. दर अर्ध्या तासाने नळ्या अर्ध्या फिरवा आणि वितळलेलं फडक्याने टिपून घ्या. टिपायचं आहे, चोळायचं नाही. बंदूक उन्हात टाकून जेवायला जायचं नाही, शेजारी सावलीत बसूनच राहायचं.

हातात हातमोजे नाहीतर जाड फडकं असू द्या, लोखंड चटका देतं. मेणाचं ग्रीस असेल तर एका दुपारीच तीन-चतुर्थांश उतरतं.

उकळत्या पाण्याचा मार्ग पुष्कळ जण सांगतात. तो खरा आहे. एकनळीला किंवा भरमारच्या रिकाम्या, सुट्या नळीला चांगला. दुनळीला मात्र मी तो टाळतो. दोन नळ्यांमधली पट्टी झाळून बसवलेली असते, आणि जुन्या बंदुकीत झाळ कुठे सुटली असेल सांगता येत नाही. पाणी एकदा पट्टीखाली शिरलं की बाहेर येत नाही, आतून गंज खात राहतो. त्यातून पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या त्या गावांत, बोअरचं पाणी लोखंडाला लावणं म्हणजे मीठ चोळणंच. तिथे एकनळीलाही पावसाचं साठवलेलं किंवा फिल्टरचंच पाणी घ्या.

झाळ शाबूत आहे का हे पाहायची जुनी रीत आहे. नळ्या थोड्या स्वच्छ झाल्या की खालच्या कड्यात बोट घालून त्या लोंबत्या धरा आणि बोटाच्या पेराने हलकेच ठोका. घंटेसारखा लांब नाद आला तर पट्टी घट्ट आहे. थप्प असा मेलेला आवाज आला तर कुठेतरी सुटली आहे. मग ती बंदूक चालवायची नाही, कारागिराला दाखवायची.

पहाटेचं काम: रॉकेल

अंगणात, चुलीपासून, विडीपासून आणि मोटारीच्या स्टार्टरपासून दूर. पसरट घमेल्यात थोडंच रॉकेल घ्या. घमेलं प्लास्टिकचं नको.

नळीत आधी कोरडं फडकं ढकला, उरलेला लगदा त्यानेच निघतो. मग रॉकेलमध्ये भिजवलेला पितळी ब्रश मागच्या बाजूने घाला, तोंडातून पूर्ण बाहेर काढा आणि मग परत ओढा. मध्येच उलटा फिरवला तर ब्रशच्या तारा वाकतात. चार-सहा फेऱ्यांनंतर दहा मिनिटं मुरू द्या आणि फडकं पांढरं निघेपर्यंत पुसत राहा. काडतूस बसतं ती खोबणी जाडीला वेगळी असते. तिथे फडकं बोटाला गुंडाळून आणखी एकदा फिरवा. खोबणीत तेलाचा ओलावा राहिला तर बार उडाल्यावर काडतूस भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का मागच्या यंत्रणेवर येतो. नळीत ग्रीसचा गोळा राहिला तर नळी फुटते. आजवर फाटलेल्या नळ्यांमागे चिखल, चिंधी आणि ग्रीस हेच तीन गुन्हेगार जास्त.

यंत्रणेला रॉकेल लावताना दस्ता आकाशाकडे करा. रॉकेल खाली, बाहेर गळलं पाहिजे. दस्ता खाली धरला तर ते सरळ लाकडात उतरतं, आणि मानेपाशी लाकूड कुजून मऊ पडतं ते याच सवयीने. ब्रश रॉकेलमध्ये भिजवून निथळवा, मग छिद्रांपाशी आणि सरकत्या भागांपाशी फिरवा. वरची किल्ली, सेफ्टीचं बटन, चाप यांच्या फटींत दोन-दोन थेंब सोडून रात्रभर तसंच उलटं टांगून ठेवा, अर्थात कुलपाच्या आत.

दुसऱ्या दिवशी फायरिंग पिना, म्हणजे घोड्याचा ठोका काडतुसाच्या टोपीवर पोचवणाऱ्या पिना, तपासा. ही तपासणी साऱ्या साफसफाईचा जीव आहे. घोडे चढलेले असताना पिनेचं टोक यंत्रणेच्या समोरच्या सपाट भागातून, म्हणजे जिथे नळ्यांची मागची बाजू टेकते तिथून, बाहेर दिसता कामा नये. घट्ट ग्रीसमुळे पीन पुढे अडकून राहिली असेल, तर बंदूक मिटताक्षणी काडतूस उडू शकतं, चापाला बोट न लावताही. टोक बाहेर दिसलं किंवा पीन सुस्त वाटली तर आणखी रॉकेल, आणखी एक रात्र. तरीही नाही सुटली तर कारागीर. ठोकून मोकळी करायला जाऊ नका. घोडा पडतो की नाही हे स्नॅप कॅप, म्हणजे नकली काडतूस, घालून पाहा. ती नसेल तर उडालेलं, टोपीवर ठसा असलेलं रिकामं काडतूस चालतं. कोरडा घोडा पाडल्याने जुन्या पिना तुटतात.

ग्रीसखाली काय निघालं

नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर, जो बंदूक मिटली की दिसत नाही, तिथले शिक्के आता वाचता येतील. आपल्याकडच्या जुन्या बंदुका बऱ्याचदा बर्मिंगहॅमच्या नाहीतर बेल्जियममधल्या लिएजच्या. लिएजच्या शिक्क्यात लंबगोलात ‘ईएलजी’ ही अक्षरं असतात. यात दोन गोष्टी शोधा. पहिली, ‘नायट्रो प्रूफ’, म्हणजे आजच्या बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली, असं लिहिलंय का. नसेल, किंवा फक्त काळ्या दारूचा उल्लेख असेल, तर आजची बाजारातली काडतुसं तिच्यात घालायची नाहीत. दुसरी, खोबणीची लांबी. जुन्या बंदुका पुष्कळदा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या. ७० मिलिमीटरचं काडतूस तिच्यात बसतं, हाच खरा धोका. उडताना त्याच्या पुढच्या घडीला उघडायला जागा मिळत नाही आणि दाब चढतो. काडतुसाच्या खोक्यावर लांबी छापलेली असते, ती ताडून पाहा.

नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नागमोडी नक्षी उमटलेली दिसली तर ती दमास्कस नळी. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली. देखणी वस्तू आहे, ती जपून ठेवा आणि तिच्यात बार घालू नका.

नळीतून उजेडाकडे पाहिलं तर स्वच्छ नळीत गोल कड्या एकात एक दिसतात. कडी कुठे तुटली किंवा वाकली तर तिथे पोचा आहे. काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे.

बाहेरचा लालसर गंज पॉलिश पेपरने घासला तर निळसर-काळा मुलामा जातो, आणि पहिल्या पावसातच पोलाद उघड्यावर गंजायला लागतं. तेल लावा, रात्रभर राहू द्या, मग सुती फडक्याने जोर लावून पुसा. फारच असेल तर सर्वांत बारीक, शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबरचं स्टील वूल तेलासकट, अगदी हलक्या हाताने. चिंच, लिंबू, व्हिनेगर ही पितळेच्या भांड्यांची औषधं आहेत. मुलाम्याला ती खाऊन टाकतात.

लाकूड

दस्त्यात मुरलेलं तेल काढायला मुलतानी माती उत्तम. तिच्या अंगी तेल शोषायचा गुण आहे. टर्पेंटाइनमध्ये दाट लेप कालवा, काळ्या पडलेल्या जागेवर जाड थापा आणि सावलीत वाळू द्या. वाळलं की ब्रशने झाडा. लेप तपकिरी निघेल. नवा लेप पांढरट निघेपर्यंत पुन्हा पुन्हा करा. घाई केली तर लाकडाचा पोत खरवडला जातो.

नंतर जवसाचं तेल. आपल्याकडे जवस रब्बीला घेतातच. घाणीचं कच्चं तेल चालतं, पण वाळायला दिवस लागतात. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं तेल लवकर वाळतं. चार थेंब तळहातावर घ्या, लाकूड गरम होईपर्यंत चोळा आणि जास्तीचं पुसून टाका. पातळ थर, मध्ये दोन-तीन दिवसांचं अंतर.

एक सांगणं अगदी गंभीरपणे. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेतं आणि तापतं. फडक्यांच्या ढिगात ती उष्णता कोंडते आणि काडी न लावता पेट घेते. शेजारी सरकीची गंजी किंवा पऱ्हाट्यांचा ढीग असेल तर पुढचं सांगायला नको. फडकी तारेवर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

पावसाळ्याआधी, आणि पुन्हा जमा करताना

सगळं कोरडं झालं की नळीत आणि बाहेरून गन ऑइलचा पुसट हात, नसेल तर शिलाई मशीनचं तेल. पातळच हवं. सरकीचं, सोयाबीनचं, मोहाचं तेल लावू नका. काही घट्ट होतात, काही खवट, आणि शेवटी नवा गाळ तयार करतात. खोबरेल तर २४ अंशांच्या खाली गोठतं. डिसेंबरच्या थंडीत शेतात रात्रीच्या जागलीला नेलेल्या बंदुकीची पीन त्यातच अडकते. जागलीच्या आधी नळी आणि खोबणी कोरड्या फडक्याने पुसून घ्या. आणि रानडुक्कर किंवा रोह्यावर (नीलगायीवर) बार टाकायला बंदुकीचं लायसन पुरत नाही, वनविभागाची वेगळी परवानगी लागते.

बंदूक चामड्याच्या म्यानात किंवा गोणपाटात ठेवू नका, दोन्ही ओल धरतात. कुलपाच्या कपाटात, तोंड खाली करून ठेवा, म्हणजे तेल लाकडात उतरत नाही. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पुसा. घामाच्या बोटांचा ठसाही आठवड्यात गंज धरतो.

निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि बंदूक जमा करायचा आदेश आला, तर ग्रीसगनकडे जाऊ नका. मेडिकलमधली साधी पेट्रोलियम जेली घ्या. नळीच्या बाहेरून आणि आतून अगदी पातळ हात पुरतो. यंत्रणेत फक्त पातळ तेल. चापाला दोऱ्याने चिठ्ठी बांधा, ‘नळीत ग्रीस आहे, पुसल्याशिवाय भरू नये’. पावतीवर नंबर आणि बंदुकीची अवस्था लिहून घ्या.